खाडी पाहायची तर कुठली दुर्बीण, कुठला कॅमेरा?

रोहित पक्षी पाहायला सानपाड्याच्या माणसाने भिगवण गाठायची गरज नाही. मोराज सर्कलपाशी पामबीच मार्ग ओलांडला की खारफुटी सुरू होते आणि तिच्या पलीकडे ठाण्याची खाडी. याच खाडीचा ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला १,६९० हेक्टरांचा पट्टा ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातले ८९६ हेक्टर कांदळवन, बाकी पाणी आणि गाळ. २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेअखेरीपर्यंत रोहित इथे हजारोंनी असतात. शेकाटे, कुरव, सुरय, तुतवार, चित्रबलाक, ब्राह्मणी घारी हे सगळं त्यांच्या जोडीला. त्यामुळे थंडी पडू लागली की इथल्या सोसायट्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: कॅमेरा कुठला घेऊ?

माझं उत्तर दरवेळी तेच असतं. आधी दुर्बीण घ्या, एक हंगाम तिच्यातून खाडी पाहा आणि मग कॅमेऱ्याचं ठरवा. ज्याला काय पाहायचंय हे कळलेलं नाही त्याला कुठली लेन्स लागेल हे दुकानदार सांगू शकत नाही. कोणाचा जीव गाळावर पळणाऱ्या इवल्या तुतवारांत रमतो, कोणाचा उडत्या थव्यांत, तर कोणाला घराखालच्या झाडावरचा तांबट पुरतो. या तिघांची खरेदी वेगळी असायला हवी.

खरेदीआधी अंतराचा हिशेब करून ठेवावा, कारण सगळी निराशा तिथूनच सुरू होते. लहान रोहित उभा राहिला की साधारण ९० सेंटिमीटर भरतो. ओहोटीला तो काठापासून ४०० मीटर आत चरतो आहे असं धरा. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर ६०० मिलिमीटरची लांबलचक लेन्स लावली तरी त्या पक्ष्याची प्रतिमा सेन्सरवर जेमतेम १.३५ मिलिमीटर उंच पडते. सेन्सरची उंची साडेपंधरा मिलिमीटर. म्हणजे दोन किलोंची लेन्स खांद्यावर वाहून नेऊन चौकटीच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाएवढा पक्षी हाती लागतो. तोच पक्षी ६० मीटरवर आला तर अर्ध्याहून जास्त चौकट भरतो. हे ३४० मीटर कुठलीही कंपनी विकत नाही. ते भरती मिळवून देते.

म्हणून खाडीकाठी राहणाऱ्याने सगळ्यात आधी भरती-ओहोटीचं गणित शिकावं. या किनाऱ्यावर चालत आलेला हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा घ्या आणि त्याचा पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांत हाच हिशेब, आणि दिवसाला दोन भरत्या म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्हीला लागू. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघण्याआधी छापील वेळापत्रक किंवा मोबाइलवरचा तक्ता पाहावाच, पण दिनदर्शिकेवर नजर टाकून रविवार ठरवायला हे पुरतं. ओहोटीला रोहित गाळावर दूरवर पांगतात. पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात, आणि उधाणाची भरती आली की उभं राहायला जागा उरत नाही म्हणून उठून नेरूळच्या पाणथळांकडे येतात: टी. एस. चाणक्य संस्थेच्या मागची पाणथळ, एनआरआय संकुलाजवळची, डीपीएस शाळेमागचा तलाव. त्रयोदशी-चतुर्दशीला पूर्ण भरती सकाळी दहाच्या आसपास येते. त्या दिवशी साडेसातला वाशीच्या सागर विहारवर उभे राहा, पाणी चढताना काठाकडे सरकणारे पक्षी पाहा, आणि नऊला नेरूळ गाठा. साध्या साधनातही त्या सकाळी जे दिसेल ते भांगाच्या दिवशी दुपारी जाऊन महागड्या साधनातून दिसणार नाही.

सकाळचंच म्हणतो याला आणखी दोन कारणं आहेत. खाडी आपल्या पश्चिमेला. सकाळी ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर असतं, पिसांतला गुलाबी रंग नीट उमटतो. संध्याकाळी सूर्य पक्ष्यांच्या मागे जातो आणि नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. पलीकडे भांडुपच्या काठावरून पाहणाऱ्यांचं नेमकं उलट, त्यांची संध्याकाळ चांगली. दुसरं कारण तापलेल्या हवेचं. ऊन चढलं की गाळावरची हवा लहरू लागते आणि दूरचा पक्षी पाण्यात हलल्यासारखा दिसतो. ती लहर दुर्बिणीत आठपट होते, दहापट होते. लांब लेन्समध्ये तर फोकस चुकतोय असंच वाटतं. कॅमेरा बिघडला म्हणून लोक दुरुस्तीला नेतात, तेव्हा अनेकदा दोष अकरा वाजताच्या उन्हाचा असतो. पामबीचवरच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनी एवढं पाळावं: बंद काचेतून पाहू नये, आणि एसी चालू असलेल्या खोलीच्या उघड्या खिडकीतूनही नाही. आतली गार आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच मिसळते व प्रतिमा पुसट करते. गॅलरीत या.

आता दुर्बीण. तिच्यावर दोन आकडे असतात, ८×४२ किंवा १०×४२. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ८ आणि १० मधला फरक लोकांना फार मोठा वाटतो. चारशे मीटरवरचा रोहित आठपट दुर्बिणीत पन्नास मीटरवर आल्यासारखा दिसतो, दहापटीत चाळीस मीटरवर. या दहा मीटरांची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. हाताचा थरथराट दहापट होतो. दिसणारा पट्टा अरुंद होतो: चांगल्या आठपट दुर्बिणीत १,००० मीटरवर सुमारे १३० ते १४० मीटर रुंदीचं दृश्य मावतं, दहापटीत ११० च्या आसपास. आणि प्रकाश कमी होतो. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात, १० ने भागलं की ४.२, तेवढ्या मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ तुमच्या डोळ्यात शिरतं. लख्ख उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर आकसलेली असते, तेव्हा हा फरक जाणवत नाही. पण पहाटे खारफुटीच्या सावलीत, किंवा कर्नाळ्याच्या रानात झाडांखाली, आठपट दुर्बीण उजवी ठरते.

सानपाड्यातल्या घरात एकच दुर्बीण यायची असेल तर ती ८×४२ असावी असं माझं ठाम मत आहे. ती खाडीवर चालते, कर्नाळ्यात चालते, खारघरच्या डोंगरावर चालते, आणि घरातला दहा वर्षांचा मुलगा व सत्तरीची आजी दोघंही ती वापरू शकतात. फक्त उघड्या गाळावरचे पक्षी पाहायचे असतील आणि हात स्थिर असेल तर १०×४२ घ्या. सतत प्रवास असेल, पिशवीत जागा कमी असेल तर ८×३२. तिचं प्रकाशवर्तुळ चार मिलिमीटरचं, वजन हलकं. हात थरथरणाऱ्यांसाठी कंपन आवरणाऱ्या दुर्बिणी मिळतात. कॅननची १०×३० त्यांतलीच, ती दोन साध्या पेन्सिल सेलवर चालते. किंमत बरीच आहे, पण कंपवाताने किंवा वयाने हात हलत असलेल्या माणसाला तिच्यातून पहिल्यांदा स्थिर पक्षी दिसतो तेव्हा त्या किमतीचा अर्थ कळतो.

झूमवाली दुर्बीण, म्हणजे १०-३०×५० असं काही लिहिलेली, घेऊ नका. ‘१०० पट’ अशी जाहिरात असलेली तर अजिबात नको. पुढची भिंगं लालभडक चमकणारी असतील तर ती तिथेच ठेवा. तो लेप रंग बिघडवतो, आणि लहान रोहिताची गडद लालसर चोच व मोठ्या रोहिताची काळ्या टोकाची गुलाबी चोच यातला भेद पाहायचा तर रंग खरे दिसायला हवेत. खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ लिहिलेलं असावं, प्रिझम बीएके-४ काचेचा असावा. हे दुकानात पडताळता येतं: दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा आणि डोळ्याकडच्या भिंगातली प्रकाशाची टिकली पाहा. ती पूर्ण गोल असावी. कडा चौकोनी कापल्यासारख्या करड्या दिसल्या तर प्रिझम हलक्या काचेचा आहे. मग रस्त्यापलीकडच्या इमारतीची गच्ची आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहा. कडेला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी तितकं भिंग चांगलं. शेवटी एखाद्या तारेवर पाच मिनिटं नजर ठेवा. डोळे ताणल्यासारखे वाटले, किंवा तार दुहेरी होऊ पाहत असेल, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण कितीही स्वस्त असली तरी डोकेदुखीच देते.

चष्मेवाल्यांनी ‘आय रिलीफ’ हा आकडा विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत. डोळा भिंगापासून किती दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं, ते अंतर म्हणजे हा आकडा; तो किमान १५ मिलिमीटर असावा, १७-१८ असेल तर उत्तम. चष्मा लावून पाहताना भिंगावरची रबरी वाटी आत फिरवायची, चष्मा नसेल तेव्हा बाहेर. ही एवढीशी गोष्ट न सांगितल्यामुळे कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं दुर्बिणीतून अर्धंच दृश्य पाहिलं आहे. तसंच दोन डोळ्यांच्या नंबरातल्या फरकाचं. उजवं भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करा. मग डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याकडची बारीक कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक.

आणखी एक आकडा खोक्यावर बारीक छापलेला असतो: किती जवळचं दिसतं. दोन-अडीच मीटरवरचं स्पष्ट दिसणारी दुर्बीण असेल तर ओहोटीला काठावरूनच गाळावर उड्या मारणारे निवटे आणि बिळांतून डोकावणारे खेकडे पाहता येतात, पावसानंतर फुलपाखरंही. मुलांना रोहितांपेक्षा निवटेच जास्त आवडतात, हे अनुभवाने सांगतो. मासा असून चिखलावर चालतो, एकमेकांना पंख उभारून दाखवतो, त्यांना आणखी काय हवं?

नावांचं विचाराल तर, सुरुवातीला निकॉनची अॅक्युलॉन ८×४२ किंवा प्रोस्टाफ पी३ ८×४२ पुरेशी आहे. थोडा हात सैल सोडता आला तर निकॉन मोनार्क एम५ किंवा व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी. या वर्गात दुर्बिणीच्या आत नायट्रोजन किंवा आर्गॉन वायू भरलेला असतो, त्यामुळे दमट हवा आत शिरत नाही. नवी मुंबईच्या पावसाळ्यात हाच गुण भिंगाच्या चकाकीपेक्षा मोठा. अॅक्युलॉनमध्ये तो नाही. ती घेतलीत तर साठवण नीट करावी लागेल. झाइस-स्वारोव्हस्कीच्या वरच्या दुर्बिणी अप्रतिम असतात, पण त्या पैशात कॅमेरा आणि लेन्स दोन्ही येतात.

दुर्बीण गळ्यात अडकवून एक हिवाळा गेला, कुठला पक्षी कुठल्या तिथीला कुठे असतो हे अंगवळणी पडलं, की कॅमेऱ्याकडे वळा. मिररलेस म्हणजे आतला हलता आरसा काढून टाकलेला कॅमेरा. या धाटणीचा पहिला, पॅनासॉनिकचा जी१, २००८ मध्ये आला. निसर्ग टिपणाऱ्याला त्यातल्या तीन गोष्टी कामाच्या. तो आवाज न करता टिपू शकतो. डोळ्याला लावलेल्या छोट्या पडद्यात चित्र जसं उमटणार तसंच आधी दिसतं, त्यामुळे पांढऱ्या बगळ्याचं अंग जळून पांढराफटक डाग होतोय का हे दाबण्याआधी कळतं. आणि तोच पडदा व्हिडिओलाही चालतो. जुन्या डीएसएलआरमध्ये व्हिडिओ घेताना मागचा पडदा उन्हात पाहावा लागायचा आणि काही दिसायचं नाही. शिवाय आजचे कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात. खारफुटीच्या फांद्यांआड बसलेल्या खंड्याचा डोळा पकडणं हाताने किती कठीण होतं, हे ज्यांनी केलंय त्यांना या सोयीची किंमत कळेल. फक्त स्थिरचित्रंच काढायची असतील आणि पैसे बेताचे असतील, तर वापरलेली डीएसएलआर अजूनही चांगली निवड आहे. व्हिडिओ हवा असेल तर मिररलेसच.

सेन्सर कुठल्या आकाराचा, यावर लोक रात्ररात्र वाद घालतात. खाडीकाठी मी एपीएस-सीच्या बाजूने आहे. फुल फ्रेमच्या तुलनेत सोनी-निकॉन-फुजीमध्ये दीडपट आणि कॅननमध्ये १.६ पट अरुंद दृश्य दिसतं, म्हणजे ४०० ची लेन्स ६०० किंवा ६४० सारखी वागते, तीही कमी वजनात. मायक्रो फोर थर्ड्समध्ये हाच आकडा दुप्पट होतो, पण अंधारात त्याचं चित्र लवकर दाणेदार होतं. फुल फ्रेमची खरी गरज पहाटेच्या अंधुक उजेडात किंवा रात्री लागते. कांदळवनातला कोल्हा संध्याकाळी टिपायचा असेल तर विचार करा. दिवसाच्या पक्ष्यांसाठी तो पैसा लेन्समध्ये घाला.

लेन्समध्येच घाला, हे पुन्हा सांगतो. कॅमेऱ्याची बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स पंधरा वर्षं चालते. कॅननचा आर१० आणि आरएफ १००-४०० ही जोडी मला नवशिक्यासाठी सगळ्यात समंजस वाटते. लेन्स ६३५ ग्रॅमची, कॅमेरा सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून किलोभर, म्हणजे हार्बर लोकलच्या गर्दीतही खांद्याला भार नाही. उणीव एवढीच की ४०० ला ती लेन्स एफ ८ पर्यंतच उघडते, त्यामुळे पहाटे लवकर ती कमी पडते. निकॉनचा झेड५०-२ पक्षी ओळखण्यात त्याच्या किमतीच्या मानाने फार पुढे आहे. त्याला १८०-६०० ची झेड लेन्स जोडली तर नेरूळच्या तलावांवर मनासारखं काम होतं, पण मग लेन्सच दोन किलोंच्या घरात जाते आणि तिपाई सोबत न्यावी लागते. सोनीच्या ए६७०० ला ७०-३५० ही सव्वासहाशे ग्रॅमची लेन्स बसते. व्हिडिओवर जास्त भर असणाऱ्यांनी ही जोडी जरूर हाताळून पाहावी. ज्यांना लेन्सा बदलायच्याच नाहीत, त्यांच्यासाठी निकॉनचे पी९००, पी९५०, पी१००० हे मोठ्या झूमचे कॅमेरे आहेत. त्यांतला पी१००० तर ३,००० मिलिमीटरइतकी झेप घेतो. दूरचा पक्षी ओळखण्यापुरता पुरावा म्हणून ते उत्तम, पण सेन्सर इवलासा असल्याने उजेड कमी झाला की चित्र खचतं.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होणाऱ्या बोटफेरीला जाणार असाल तर तिपाई घरी ठेवा. इंजिनाची थरथर तिपाईतून थेट कॅमेऱ्यात जाते, आणि कठड्यावर कोपर टेकवलं तरी तेच होतं. कोपरं अंगाशी घट्ट धरा, गुडघे किंचित वाकवा, शटर १/१००० च्या वर ठेवा. या फेऱ्या भरतीच्या वेळांवर ठरतात, म्हणून नोंदणी आधी करावी. बोटीतून रोहित जवळ असतात. तिथे ३०० ते ४०० पुरते, ६०० ची लेन्स कधीकधी जास्तच होते.

व्हिडिओ हा माझ्या जास्त जिव्हाळ्याचा भाग. रोहिताचं छायाचित्र तुम्हाला रंग देतं, पण तो खातो कसा हे छायाचित्रात कळत नाही. पाय आपटत चिखल ढवळायचा, डोकं उलटं करून चोच पाण्यात घालायची आणि पाणी गाळून त्यातलं शेवाळ टिपायचं, हे सगळं हलत्या चित्रातच दिसतं. हे टिपायला कौशल्यापेक्षा धीर लागतो. तिपाईवर द्रवाने भरलेलं व्हिडिओ हेड लावा, चौकट ठरवा, आणि वीस-तीस सेकंद कॅमेऱ्याला हात लावू नका. नवखे लोक पक्ष्यामागे कॅमेरा फिरवत राहतात, झूम आत-बाहेर करत राहतात. घरी पाहताना भोवळ येते. पक्ष्याला चौकटीत येऊ द्या आणि जाऊ द्या.

नेहमीच्या व्हिडिओसाठी फोर-केमध्ये सेकंदाला २५ चौकटी पुरतात; थवा उठतो तेव्हा ५०, म्हणजे नंतर गती निम्मी करता येते. काही कॅमेऱ्यांत जास्त चौकटींना चित्राच्या कडा कापल्या जातात, आणि मे महिन्यात सलग चालवलं तर कॅमेरा तापून बंद पडू शकतो. दोन्ही गोष्टी घेण्याआधी विचाराव्यात. पुस्तकी नियम सांगतो की २५ चौकटींना शटर १/५० ठेवावं. लख्ख उन्हात ते पाळायचं तर भिंगावर काळी एनडी काच लावावी लागते. चार स्टॉपची, म्हणजे एनडी १६, साधारण पुरते. पण १८०-६०० सारख्या लेन्सचं तोंड ९५ मिलिमीटरचं, त्या मापाची चांगली काच महाग. शांत चरणाऱ्या पक्ष्यासाठी मी ती घ्यायला सांगणार नाही. शटर वाढवा, चित्र खटकत नाही. पंख फडफडताना मात्र फरक दिसतो. पंखांचंच आणखी एक: निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये संथ सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचतो, तेवढ्यात पंख हललेला असतो, आणि छायाचित्रात तो रबरासारखा वाकडा येतो. उडत्या पक्ष्यांची छायाचित्रं यांत्रिक शटरने काढावीत.

साठवणुकीचा हिशेबही करून ठेवा. सेकंदाला १०० मेगाबिटने टिपलेला व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो. १२८ जीबीचं कार्ड एका सकाळीत भरतं, आणि ते किमान व्ही३० दर्जाचं असावं. घरी दोन वेगळ्या हार्ड डिस्क लागतील.

आवाजाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. कॅमेऱ्याच्या पोटातला माइक खाडीवरचा वारा आणि पामबीचवरच्या गाड्या एवढंच टिपतो. एक साधा बाहेरचा माइक आणि त्यावर केसाळ आवरण घातलं तर रोहितांचा तो सामुदायिक कलकलाट ऐकू येऊ लागतो. तो ऐकल्यावर नुसतं चित्र अपुरं वाटतं. सकाळी लवकर, वाहनं कमी असताना, चित्र चांगलं आलं नाही तरी पाच मिनिटं आवाज टिपून ठेवा.

खरेदीला सानपाड्याहून हार्बर लाइनने थेट सीएसएमटीला उतरावं. फोर्टमधल्या बोरा बाजारच्या गल्ल्यांत कॅमेऱ्यांची दुकानं शेजारीशेजारी आहेत. चार दुर्बिणी गळ्यात अडकवून, बाहेर रस्त्यावर येऊन पाहता येतात. हे सुख ऑनलाइन खरेदीत नाही. भारतीय वॉरंटी आहे का हे बिलावर लिहून घ्या. परदेशातून थेट आलेला माल काही हजारांनी स्वस्त पडतो, पण बिघडला की कंपनीचं केंद्र तो हातात घेत नाही. वापरलेली लेन्स घेताना मोबाइलची बॅटरी पुढून मारून मागून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि मुंबई-कोकणातल्या वापरलेल्या मालात ती वारंवार आढळते. मोठी लेन्स विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने घ्या. दोन किलो खांद्यावर घेऊन खरोखर चालवतं का, हे त्या दोन दिवसांत कळतं.

एकूण पंधरा-वीस हजार असतील तर सगळे दुर्बिणीत घाला. विद्यार्थ्याने तिला मोबाइल पकडणारा साधा अडॅप्टर लावला तर नोंदीपुरतं छायाचित्रही निघतं. लाख-सव्वा लाखाची तयारी असेल तरी त्यातले वीस-पंचवीस हजार दुर्बिणीसाठी बाजूला काढून मगच कॅमेऱ्याकडे जा. सगळे पैसे कॅमेऱ्यात घालणारा माणूस दिवसभर एका छोट्या पडद्यात डोळा घालून बसतो आणि मागून गेलेला ससाणा त्याला दिसत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत काही गोष्टींवर तडजोड नाही. जवळून फोटो मिळावा म्हणून गाळात उतरू नका. गाळ माणसाला गिळतो, आणि थवा उठला तर त्याची चरण्याची वेळ वाया जाते. थवा उडवण्यासाठी टाळ्या वाजवणं, दगड मारणं हे तर गुन्ह्यासारखंच मानावं. ड्रोन पाणथळीवर आणू नये. खारफुटीची फांदी आड येते म्हणून तोडू नये. दोन पावलं सरकावं.

जूनमध्ये पाऊस लागला की ही सगळी साधनं कपाटात जातात आणि तिथेच खराब होतात. कातडी पिशवीत, कापडात गुंडाळून ठेवणं सगळ्यात वाईट. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर आत ४० ते ५० टक्के आर्द्रता राखा. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक पुरतो. जेलचे दाणे रंग बदलले की तापवून पुन्हा वापरायचे. महिन्यातून एकदा लेन्स बाहेर काढून उजेडात चालवायची. एसीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की भिंगावर वाफ धरते. पिशवी बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर राहू द्यावी.

आणि टिपलेलं नुसतं साठवून ठेवू नका. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी शिरणं अडलं, तलाव कोरडा पडला आणि रोहितांना विसाव्याची जागा उरली नाही. त्या वेळी रहिवाशांनी काढलेली छायाचित्रं आणि व्हिडिओ बोलू लागले, कारण त्यांवर तारीख आणि जागा होती. म्हणून प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, ठिकाण, वेळ आणि भरती होती की ओहोटी एवढं लिहा. पक्ष्यांची संख्या अंदाजाने का होईना नोंदवून ती ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या जागतिक पक्षिगणनेत सोसायटीतली मुलंही हे करू शकतात. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासा.